खिडकी कुठे उघडायची, हे कुणी ठरवायचं?

गेल्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला जे हजर होते, त्यांना ती पाच मिनिटं आठवत असतील. दिवे मंद झाले, काव्यवाचन सुरू झालं आणि सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर कवितेच्या जागी झळकलं : ‘इथे थांबायचं. पाहुण्यांचं आडनाव नीट उच्चारायचं. टाळ्या संपेपर्यंत पुढे जायचं नाही.’ या सूचना निवेदिकेसाठी होत्या आणि त्या टेबलावरच्या लॅपटॉपवर दिसायला हव्या होत्या. लॅपटॉपवर मात्र कॉलेजच्या बोधचिन्हाखेरीज काहीच नव्हतं. सभागृह हसलं, पाहुणेही मोकळेपणाने हसले. आमची निवेदिका तेवढी हसली नाही. सगळ्यांनी प्रोजेक्टरला बोल लावला आणि कुणीतरी उगाच केबल काढून पुन्हा लावली.

प्रोजेक्टर बिचारा निर्दोष होता. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता.

आज हे कबूल करतेय ते माफीसाठी नाही. माफी त्याच दिवशी मागून झाली आणि निवेदिकेला इराणी चहा पाजूनही झाला. त्यानंतरचे दोन आठवडे मी भेटेल त्याला सांगत होते की कॉलेजच्या लॅपटॉपवरची नवी यंत्रणा मूर्ख आहे, माझं ऐकत नाही. तो राग शमवायला म्हणून मी ती यंत्रणा समजून घ्यायला बसले आणि शेवटी माझंच मत उलटं झालं. यंत्रणेने माझं ऐकलं नाही हे बरोबरच होतं. खिडकी नेमकी कुठे उघडायची, हे प्रोग्रॅमने ठरवूच नये. मात्र हे मान्य करताना माझी एक अट आहे. ती शेवटी सांगते.

वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं काही जण विचारतील. विचारा. पण हा अंक तुम्ही ज्या पडद्यावर वाचताय, त्यातले लेख ज्या कळफलकावर टाइप झाले आणि ज्या सभागृहात आपण कविता वाचतो, त्या सगळ्यांच्या मध्ये हाच थर बसलाय. तो नीट चालतो तोवर दिसत नाही. बिघडला की कवितेच्या जागी सूचना दिसतात.

तर झालं असं. मी पायथॉनमध्ये दोन खिडक्यांचा एक छोटा प्रोग्रॅम केला होता. एका खिडकीत मोठ्या अक्षरांत कविता, ती प्रोजेक्टरवर. दुसरीत निवेदिकेसाठी सूचना, ती लॅपटॉपवर. खिडक्या, बटणं, अक्षरं हे सगळं शून्यापासून कुणी काढत बसत नाही. त्यासाठी तयार सामानाची पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात. मी जीटीके ही टूलकिट घेतली. घरच्या जुन्या लॅपटॉपला टीव्ही जोडून चार वेळा सराव केला. एकदाही चुकलं नाही. आदल्या संध्याकाळी तो प्रोग्रॅम कॉलेजच्या लॅपटॉपवर टाकला, सुरू होतोय एवढं बघितलं आणि घरी गेले. प्रोजेक्टर जोडून बघितला नाही. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक प्रोग्रॅमच्या आत होती. त्यात एक ओळ अशी : कवितेची खिडकी डाव्या कडेपासून १३६६ ठिपक्यांवर नेऊन ठेव. माझ्या लॅपटॉपचा पडदा १३६६ ठिपके रुंद आहे. तो संपला की पुढे दुसरा पडदा सुरू होतो, असा माझा हिशोब. कॉलेजच्या लॅपटॉपवर लिनक्सची नवी आवृत्ती होती आणि तिथे असली आज्ञा पाळलीच जात नाही. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. नुसतं दुर्लक्ष होतं. कार्यक्रमापूर्वी मी माउसचा बाण मोठ्या पडद्यावर फिरवून बघितला होता आणि तो तिथेच राहिला होता. यंत्रणेने तो बाण बघून दोन्ही खिडक्या त्याच पडद्यावर उघडल्या. सूचनांची खिडकी नंतर उघडली, म्हणून ती कवितेच्या वर बसली.

आता दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जीटीकेच्या पोटात जीडीके नावाचा एक थर आहे. त्याच्या भाषेत ‘डिस्प्ले’ म्हणजे काचेचा पडदा नव्हे. डिस्प्ले म्हणजे प्रोग्रॅम आणि खिडक्या सांभाळणारी यंत्रणा यांच्यातली जोडणी. या एका जोडणीत सगळे पडदे आले, कळफलक आला, माउस आला, कॉपी-पेस्टची पाटीही आली. काचेच्या एकेका पडद्याला तिथे ‘मॉनिटर’ म्हणतात. म्हणजे आपल्या सभागृहात त्या दिवशी डिस्प्ले एकच होता आणि मॉनिटर दोन. मी इतके दिवस दोन पडदे म्हणजे दोन डिस्प्ले समजत होते. एकाच प्रोग्रॅमने एकापेक्षा जास्त डिस्प्ले उघडले तर त्यांची यादी ठेवायला आणि नेहमीचा कोणता हे लक्षात ठेवायला जीडीकेमध्ये एक ‘डिस्प्ले मॅनेजर’ही असतो.

तिसरा शब्द ‘बॅकएंड’. हा आपल्या हैदराबादकरांना लगेच कळावा. आई सांगते, ‘दोन किलो वांगी आण.’ काम एवढंच. मग आपण भाजीवालीशी तेलुगूत बोलतो, ऑटोवाल्याला ‘नक्को’, ‘हौ’ करत दखनीत पटवतो आणि घरी येऊन मराठीत हिशोब देतो. कुठे कुठली भाषा बोलायची, हे आई यादीत लिहून देत नाही. ते त्या त्या ठिकाणी ठरतं. बॅकएंड हेच काम करतो. प्रोग्रॅम म्हणतो, बटण काढ. विंडोजवर एक बॅकएंड ते काम विंडोजच्या भाषेत करतो, मॅकवर दुसरा. लिनक्सवर दोन भाषा चालतात, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. ब्रॉडवे नावाच्या बॅकएंडने तर अख्खा प्रोग्रॅम ब्राउझरच्या पानात दाखवता येतो. लिनक्सवर आजची जीटीके सुरू होताना आधी वेलँडशी बोलून बघते, जमलं नाही तर एक्स-११ कडे वळते. प्रोग्रॅमला या वाटाघाटीचा पत्ताही नसावा, अशी अपेक्षा असते.

माझ्या प्रोग्रॅमला होता. म्हणजे त्यानं गृहीत धरलं होतं की समोर एक्स-११ आहे. ‘खिडकी अमुक ठिपक्यावर ने’ ही एक्स-११ च्या जगातली भाषा. तेलुगू बोलणाऱ्या बाजारात मी दखनीतच ओरडत होते आणि ऐकत नाहीत म्हणून चिडत होते.

एक्स-११ ला नावं ठेवायचा माझा विचार नाही. त्याचं वय बघा. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८४ साली अथीना प्रकल्पाच्या काळात एक्स जन्माला आला. त्याआधी स्टॅनफर्डला ‘डब्ल्यू’ नावाची यंत्रणा होती, तिच्या पुढचं अक्षर म्हणून ‘एक्स’. त्याची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली आणि तीच आजवर टिकली. आमच्या वर्गातल्या कुणाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. तेव्हाचे मोठे संगणक महाग आणि मोजके. त्यामुळे प्रोग्रॅम एका खोलीतल्या यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्या खोलीतल्या पडद्यावर उघडावी, अशी सोय मुळातच करून ठेवली होती. म्हणून तर डिस्प्लेला क्रमांक असतो, पत्ता असतो. आजही लिनक्सवर पहिल्या डिस्प्लेचा पत्ता अपूर्णविराम आणि शून्य असा लिहितात.

जीटीके यानंतरची. १९९० च्या दशकात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, पीटर मॅटिस आणि स्पेन्सर किंबॉल यांनी, चित्रं संपादित करायचा गिंप हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तेव्हाची प्रचलित मोटिफ ही टूलकिट विकत घ्यावी लागायची, म्हणून त्यांनी स्वतःचीच केली. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. पुढे जगभर गेलेली ही पेटी विद्यार्थ्यांच्याच हातून सुरू झाली होती. डिसेंबर २००२ मध्ये जीटीके २.२ आली आणि एकाच प्रोग्रॅमला अनेक डिस्प्ले उघडता येऊ लागले. जीडीकेमधली डिस्प्ले ही वस्तू तेव्हाची. फेब्रुवारी २०११ च्या जीटीके ३ मध्ये अनेक बॅकएंड एकाच पेटीत बसले. त्याआधी प्रत्येकासाठी पेटी वेगळी बांधावी लागे. आता कोणता बॅकएंड वापरायचा ते प्रोग्रॅम सुरू होताना ठरतं.

या सगळ्या प्रवासाची दिशा एकच आहे. समोर कुठली यंत्रणा आहे हे ज्ञान प्रोग्रॅमकडून काढून एका जागी, बॅकएंडमध्ये, ठेवत जायचं. ते एका जागी असलं तरच ते बदलता येतं. हजार प्रोग्रॅमांमध्ये विखुरलं तर ते बदलायला हजार जण लागतात, आणि त्यातले निम्मे माझ्यासारखे प्रोजेक्टर न जोडता घरी जाणारे.

मग वेलँडने खिडकी हलवायची सोय दिली का नाही? एवढीशी तर गोष्ट.

याचं उत्तर मला एका गमतीदार प्रोग्रॅमने दिलं. एक्सआइज नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे. पडद्यावर दोन डोळे दिसतात आणि माउसचा बाण जाईल तिकडे बुबुळं फिरतात. लहान मुलांना फार आवडतो. पण थोडा विचार करा. बाण दुसऱ्याच खिडकीवर आहे, तरी या डोळ्यांना तो कुठे आहे हे कळतं. एक्स-११ च्या जगात जोडणी मिळालेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला जवळजवळ सगळंच दिसतं. बाण कुठे आहे, शेजारच्या खिडकीत काय आहे, आणि तुम्ही कोणती कळ दाबताय तेही. ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड टाइप करताना मागे उघडा असलेला एखादा खेळ त्या कळा ऐकू शकतो. १९८४ मध्ये एका विद्यापीठात सगळे ओळखीचे होते, तेव्हा हे चालून गेलं. आज आपण कुठून कुठून काय काय उतरवून घेतो, हे ज्याचं त्याला माहीत.

वेलँड २००८ मध्ये क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी सुरू केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच नावाच्या गावावरून हे नाव आलं. तिथला नियम कडक आहे. प्रत्येक प्रोग्रॅमने आपली खिडकी बघावी, दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये. आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे, हेसुद्धा प्रोग्रॅमला सांगितलं जात नाही. सगळ्या खिडक्या एकत्र मांडण्याचं काम एकट्या कंपोझिटरचं. एक्सआइजचे डोळे तिथे बरेचदा गोठून बसतात. आणि आपण कुठे आहोत हेच ज्याला माहीत नाही, तो ‘मला १३६६ वर ने’ असं तरी कसं म्हणणार? डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आली तेव्हा खिडकी हलवायची ती आज्ञाच काढून टाकली गेली. मी जुनी जीटीके ३ वापरत होते, त्यात ती आज्ञा होती, म्हणून मला वाटलं की ती चालते.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. पहिला सोपा. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी एक ओळ लिहून जीटीकेला सांगायचं की बॅकएंड म्हणून एक्स-११ च घे. नव्या यंत्रणेवरही जुन्या प्रोग्रॅमांसाठी एक्सवेलँड नावाची सोय असते, तिच्यातून ते चालतं. मी करून बघितलं. चाललंही. त्या दिवशी ही ओळ माहीत असती तर सभागृह हसलं नसतं.

तरी मी ती ओळ ठेवली नाही. कारण ती ठेवली असती तर पुढच्या वर्षीचा प्रोजेक्टर, पुढच्या वर्षीचा लॅपटॉप आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी असणारी मुलगी या सगळ्यांवर तोच डाव उलटला असता. मी दुसरा रस्ता घेतला. प्रोग्रॅम आता डिस्प्लेला विचारतो : तुझ्याकडे मॉनिटर किती आणि कोणते? यादी मिळते. प्रत्येकाचं नाव असतं, मापं असतात. मग निवेदिकेसमोर प्रश्न येतो, ‘कविता कोणत्या पडद्यावर?’ ती निवडते. प्रोग्रॅम म्हणतो, ही खिडकी या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर दाखव. ही विनंती वेलँडला कळते, एक्स-११ लाही कळते. कुणी केबल काढली तर मॉनिटरची यादी बदलते आणि प्रोग्रॅमला तसा निरोप येतो. १३६६ हा आकडा आता माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नाही.

आधी मी कसं करायचं ते सांगत होते. आता काय हवंय ते सांगते. फरक एवढाच, पण तो मोठा आहे. ऑटोत बसल्यावर आपण ‘काचीगुडा’ म्हणतो. हँडल किती अंशांत वळवायचं ते सांगत नाही. सांगितलं तर ऑटोवाला उतरवून देईल, आणि योग्यच करेल.

मराठीवाल्यांना तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये, कारण नेमक्या याच चुकीची किंमत आपण एकदा मोजली आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाइली उघडून बघा. डीटीपीच्या काळात मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाइलमध्ये ‘म’ साठवलेलाच नसायचा. साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच ते ‘म’ दिसायचं. फॉन्ट बदलला की कवितेचा कचरा. मजकूर आणि तो दाखवायची पद्धत यांची गाठ मारून ठेवली होती. ज्या यंत्रावर लिहिलं ते गेलं की लेखनही गेलं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, तीत देवनागरी होती. भारताचं इस्की हे मानकही त्याच वर्षीचं. ही गाठ सोडवायची सोय तेव्हापासून आहे. आपण मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांत लेख घेत राहिलो, कारण ‘आमच्या मशीनवर दिसतंय ना!’

माझा १३६६ आणि तो जुना फॉन्ट यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्हींत एकच गृहीतक आहे : माझ्यासमोर जे यंत्र आहे तेच सगळ्यांसमोर असणार आणि कायम असणार.

यावर माझ्या वर्गातला एक मित्र म्हणाला, ‘लॅपटॉप माझा, प्रोग्रॅम माझा, मग खिडकी कुठे ठेवायची हे दुसऱ्याने का ठरवावं?’ मुद्दा चुकीचा नाही. पण त्यात ‘मी’ कोण हे नीट बघायला हवं. लॅपटॉपची मालकी वापरणाऱ्याची असते, प्रोग्रॅमची नव्हे. वेलँडमध्येही मी माझ्या हाताने खिडकी ओढून कुठेही नेऊ शकते. तिथे अडवलं जातं ते प्रोग्रॅमला, मला नाही. प्रोग्रॅम लिहिणारी म्हणून माझा अधिकार कमी झाला. वापरणारी म्हणून वाढला. आपण सगळे दिवसातून चार-दोन ओळी लिहितो आणि दिवसभर वापरतो, तेव्हा हा सौदा मला तरी पटतो.

आता माझी अट.

आपल्या मंडळाचा एक सभासद दृष्टिहीन आहे. तो स्क्रीन रीडरवर काम करतो. पडद्यावरचं सगळं त्याला ऐकू येतं आणि ठरलेल्या कळा दाबून तो पुढे-मागे जातो. त्या कळा ओळखायला स्क्रीन रीडरला सगळ्या कळा ऐकाव्या लागतात, कोणतीही खिडकी समोर असली तरी. म्हणजे ज्या उघड्या दारातून चोर येऊ शकत होता, त्याच दारातून याचीही ये-जा होती. वेलँडने ते दार बंद केलं. चोरासाठी ते बरोबरच होतं, पण याच्यासाठी वेगळं, राजमार्गाचं दार बांधायला हवं होतं आणि ते काम मागून, सावकाश होत गेलं. लॅबमध्ये नवी यंत्रणा बसली त्या आठवड्यात तो मला म्हणाला, ‘तुमची खिडकी चुकीच्या पडद्यावर गेली. माझी तर उघडलीच नाही.’ मी पाच मिनिटांच्या हशाची गोष्ट महिनाभर सांगत फिरत होते. त्याच्या आठवडाभराच्या अडचणीची गोष्ट कुणी विचारलीही नव्हती. मीही नाही.

दुसरा प्रश्न आपला सगळ्यांचा आहे, मराठी टायपिंगचा. ध्वनिलेखनाने टाइप करताना आपण रोमन कळा दाबतो आणि मधे एक प्रोग्रॅम बसून त्यांचं ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ करतो. अक्षर पूर्ण होईपर्यंत खाली रेघ असलेला अर्धवट मजकूर दिसतो, पर्यायांची पेटी कर्सरजवळ उघडते. एक्स-११ मध्ये यासाठी एक वाट होती, वेलँडमध्ये दुसरी आहे. जे प्रोग्रॅम जीटीकेकडे नीट काम सोपवतात, त्यांना ही वाट बदललेली कळतही नाही. टूलकिट सांभाळून घेते. ज्यांनी स्वतःची आडवाट काढली होती, त्यांच्यात ‘क्ष’ च्या जागी रोमन अक्षरंच उमटतात किंवा पेटी भलत्याच कोपऱ्यात उघडते. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. एक कळ, एक अक्षर, काम झालं. म्हणून अशा चुका सर्वात उशिरा दुरुस्त होतात. त्या ज्यांना दिसतात ते कळवत नाहीत, आणि जे कळवतात त्यांना त्या दिसत नाहीत.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे जुनं दार आता खरोखर बंद होतंय. मार्च २०२५ मधल्या जीटीके ४.१८ ने एक्स-११ चा बॅकएंड आणि ब्रॉडवे हे दोन्ही निवृत्तीच्या यादीत टाकले. जीटीके ५ मध्ये ते नसतील असं सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स-११ सत्रच मिळत नाही. निर्णय बरोबर आहे, असंच मी म्हणते. दोन-दोन घरं सांभाळणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यांनी किती वर्षं सांभाळावीत? पण जुन्या घराला कुलूप लावण्याआधी आत कोण राहिलंय हे एकदा हाक मारून बघायला हवं. ही हाक दूर कुठेतरी बसलेल्या टूलकिट लिहिणाऱ्यांनी मारायची तशीच लॅबमध्ये नवी आवृत्ती टाकणाऱ्यांनी आणि आपणही. टूलकिट लिहिणाऱ्यांना कळायचं तरी कसं, की हैदराबादच्या एका कॉलेजात एक मुलगा मराठी लेख कानांनी वाचतो?

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवते. पहिली, यापुढे कुठल्याही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहातल्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवरून तालीम होईल. ही जबाबदारी मी घेते. दुसरी, लॅबमधल्या एका संगणकावर जुनं सत्र ठेवावं अशी विनंती आम्ही दोघांनी केली होती आणि सरांनी ती मान्य केली आहे. नव्या यंत्रणेवर आपल्या मित्राचं सगळं काम होतंय, असं त्याने स्वतः सांगेपर्यंत तो संगणक कुणी ‘अपडेट’ करू नये. तिसरी, मराठी टाइप करताना काही अडलं तर ‘आपलं नशीब’ म्हणून रोमनमध्ये लिहायला लागू नका. कोणता प्रोग्रॅम, कोणती आवृत्ती, काय दाबलं, काय उमटलं, एवढं चार ओळींत लिहून माझ्याकडे द्या. इंग्रजीत करून योग्य जागी पोहोचवायचं काम आम्ही संगणकवाले करू.

सुधारलेला प्रोग्रॅम मंडळाच्या पेनड्राइव्हवर ठेवला आहे. सुरू केल्यावर तो आधी विचारतो, कविता कोणत्या पडद्यावर. पुढच्या २७ फेब्रुवारीला निवेदन कुणीही करो, उत्तर द्यायच्या आधी एकदा मान वर करून मोठा पडदा कोणता ते बघून घ्या.